जिवंत रोप : लगेच उघडा

माझ्या फेरीत बेचाळीस दारं आहेत,
तीन कुत्रे, आणि एक चढ
जो माझ्या गुडघ्याला नावानिशी ओळखतो.
वेल्सच्या या कोपऱ्यात
शाळेच्या पाट्या व्हायच्या त्याच दगडाची छपरं,
त्याच दगडाची कुंपणं, त्याच दगडाची थडगी,
आणि जानेवारी संपता संपेना झाला की
आभाळही त्याच खाणीतून काढल्यासारखं.

पत्रं हल्ली कोण लिहितं?
मी बिलं वाटते, औषधांची पाकिटं,
निवडणूक आली की हसरी तोंडं.
म्हणून बागा वाचते.
उन्हाळ्यात काय, कुणीही वाचेल,
सगळं मोठ्या टायपात असतं.
हिवाळ्यातली बाग बारीक अक्षरात.
थांबावं लागतं, वाकावं लागतं,
चष्म्यावरचं धुकं पुसावं लागतं.

मेरेरिदच्या फाटकाशी विच हेझल.
पान एक नाही. नुसत्या काड्या,
आणि काड्यांना चिकटलेले पिवळे दोरे,
शिंप्याच्या दुकानात संध्याकाळी जमिनीवर असतात तसे.
वास आधी येतो, झाड मागून.
तिची बिलं मी मुद्दाम तळाशी ठेवते,
शोधायला वेळ लागावा म्हणून.

चॅपलमागे हेलेबोर, जांभळट,
हनुवटीला बोट लावून तोंड वर करावं लागतं.
पाळकसाहेब म्हणतात, विनयशील फूल.
मला ती वर्गात हसताना सापडलेल्या
पोरींसारखी वाटतात.

आणि मंगळवारी ते खोकं.
एका कोपऱ्यात ओलं,
वर लाल अक्षरं : जिवंत रोप, लगेच उघडा.
सबंध चढभर पिशवीत
कुणीतरी माझ्याबरोबर धापा टाकत होतं.
पत्ता इदवालचा.
इदवाल, चाळीस वर्षं बस चालवलेला,
बोलणं तिकिटाएवढं.
माझ्यासमोरच उघडलं त्यानं.
ओल्या वर्तमानपत्रात, बाळंत्यात गुंडाळावा तसा
एक कांदा, लसणीच्या पाकळीहून थोडा मोठा.
दोन पानं. एक फूल.

“लिली वेन वाख,” तो म्हणाला.
छोटी पांढरी लिली;
ती तर त्याच्या कुंपणाखाली शेकड्यांनी उभी होती,
फुकट, कुणी न लावता.
“मग ही कशाला?”
त्यानं किंमत कुजबुजून सांगितली.
तेवढ्यात माझे बुटांचे दोन जोड आले असते.
“नेस्टला बोलू नकोस.”
नेस्ट म्हणजे बहीण, शेजारचंच दार.

खड्डा नोव्हेंबरपासून तयार होता.
जेवणाच्या चमच्यानं त्यानं माती सारली,
आणि म्हणाला, “आडवी हो.”
“कुठे?”
“इथे. उभ्यानं नाही दिसत.”

तो अडुसष्टचा, मी त्रेपन्नची,
दोघं पालथे, चिखलात,
टपाल भिंतीवर, कुणाकुणाच्या थकबाकीसकट.
त्यानं करंगळीनं फूल उचललं.
आत तीन बुटक्या पाकळ्या.
इतर सगळ्यांच्या पाकळ्यांवर हिरवी खूण असते,
हिच्यावर पिवळी.
बस. लिंबाच्या सालीचा नखाएवढा तुकडा.
“दिसलं?”
“दिसलं.”

तेवढ्यात एक मधमाशी,
या थंडीत कुठून आली कोण जाणे,
त्या महागड्या फुलाकडे ढुंकूनही न बघता
कुंपणाखालच्या फुकट गर्दीत शिरली.
आणि इदवाल हसला.
त्याच्या बसमधून मी शाळेत गेले, नोकरीला गेले,
माझ्या लग्नालाही गेले;
हे दात आज पहिल्यांदा पाहिले.
जमीन गार होती, पण डिसेंबरची नव्हती.
पोटाखाली कळत होतं,
कुठेतरी एक मूठ सैल झाली आहे.

पुढच्या दाराशी वीस मिनिटं उशिरा.
नेस्टनं माझे गुडघे पाहिले,
कोटावरची माती, बाहीला चिकटलेलं गवत.
“केवढ्याला घेतलं त्यानं?”

मी पिशवीत डोकं घातलं
आणि तिचं विजेचं बिल
बराच वेळ शोधत राहिले.